निळा धूर आणि दोराची युक्ती

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालं की मलकापूरच्या पुढं आंबा घाट लागतो. २००३ साली आमची जुनी पेट्रोल अँबेसिडर तो घाट नीट उतरायची. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असायचा. पण पायथ्याशी, साखरप्याच्या अलीकडं पाय पुन्हा दाबला की मागं निळ्या धुराचा असा लोट उठायचा, की पाठीमागचा एसटीवाला हॉर्न वाजवून शिव्या द्यायचा. सकाळी गाडी सुरू करतानाही तेच. एक भपकारा, मग पाच मिनिटांत सगळं स्वच्छ. ऑइल मात्र दर चारशे किलोमीटरला एक लिटर लागायचं.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी सायलेन्सरला बोट लावलं, काळं झालेलं बोट दाखवलं आणि म्हणाले, "सायेब, इंजिन बसलंय. बोअर-पिस्टन करूनच टाका." सांगितलेला आकडा वडिलांच्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. वडील कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "धूर कधी येतो, ते त्यानं विचारलंच नाही."

आज मी बोलणार आहे ते या प्रश्नाविषयी, आणि त्याच्या उत्तरानंतर आमच्या अंगणात झालेल्या दोन दिवसांच्या कामाविषयी.

धुराला रंग असतो तशी वेळही असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी जळतंय असं समजावं. निळा म्हणजे ऑइल. पण ऑइल सिलिंडरमध्ये शिरायला दोन वाटा आहेत. खालची वाट पिस्टनच्या रिंगांवरून. रिंग आणि बोअर झिजले असले, की गाडी घाट चढताना, भार असताना सतत धूर सोडते आणि ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून भकभक वाफा येतात. वरची वाट व्हॉल्व्हच्या दांडीवरून. इंजिनाच्या डोक्यावर रॉकरना वंगण म्हणून ऑइल खेळत असतं. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून, म्हणजे गाइडमधून, खालीवर होते, तिथून हे ऑइल खाली उतरू नये म्हणून रबराचं एक छोटं सील असतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो. वर ऑइल, खाली आग. काही वर्षांत ते रबर बांगडीच्या काचेसारखं कडक होऊन तडकतं.

मग रात्रभर उभ्या गाडीत ऑइल थेंबाथेंबानं खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. घाट उतरताना कार्ब्युरेटरचं दार बंद, चाकं मात्र इंजिनाला फिरवत असतात. अशा वेळी इनलेटच्या बाजूला जोरदार ओढ तयार होते आणि ती गाइडमधून ऑइल खेचून घेते. पायथ्याशी पाय दाबला की ते साठलेलं सगळं एकदम पेटतं. आमच्या धुराच्या दोन्ही वेळा या वरच्या वाटेकडं बोट दाखवत होत्या.

तरी खात्री हवी. वडिलांनी ओळखीतून कॉम्प्रेशन गेज आणलं. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. तो जेमतेम हलला. सीलचा पूर्ण संच बाजारात एक किलो मटणाच्या पैशात मिळाला. आणि हो, ज्याच्या गाडीचा आकडा ऑइल घातल्यावर उडी मारून वर जातो, त्यानं पुढचं काही करू नये. त्याचे मिस्त्री बरोबर आहेत.

आता अडचण अशी, की सील बदलायचं तर स्प्रिंग काढावी लागते, आणि स्प्रिंग काढली की व्हॉल्व्हला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. तो सिलिंडरमध्ये पडतो. म्हणून रीतसर पद्धत म्हणजे सगळं हेड उतरवायचं. दोराची युक्ती इथं उपयोगाला येते. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये मऊ, स्वच्छ, न विसविसणारा दोर सोडायचा आणि पिस्टन वर आणायचा. दोर चेपून व्हॉल्व्हला खालून उशीसारखा आधार देतो. दोराचं दुसरं टोक गाठ मारून बाहेर ठेवायचं, हे सांगायला नको.

अँबेसिडरच्या १४८९ सीसीच्या या इंजिनात मात्र एक मेख आहे. रॉकरचा दांडा चार ठोकळ्यांवर बसतो आणि त्या ठोकळ्यांचे मोठे नट हेच हेडच्या अकरा नटांपैकी चार असतात. नुसते हे चार सोडले तर हेड वाकण्याची आणि पाणी सिलिंडरमध्ये जाण्याची भीती. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना आधी रेडिएटरचं पाणी सोडलं, मग अकराही नट थोडे थोडे, आळीपाळीनं ढिले केले आणि नंतरच रॉकर उचलला. त्या चार खुंट्यांवर वडिलांनी जाड पाइपाचे तुकडे कापून घातले, वर वॉशर आणि नट, आणि हेड पुन्हा आवळून टाकलं. नाहीतर खालून दोर रेटल्यावर हेडच उचललं जायचं आणि गॅस्केट जायचं.

पुशरॉड काढताना हलके फिरवत काढावे. ऑइलच्या चिकटपणानं खालचा टॅपेट बरोबर वर येतो आणि मध्येच सुटतो. ज्याचा रॉड त्याच्याच जागी परत गेला पाहिजे, म्हणून बुटाच्या खोक्याला आठ भोकं पाडून नंबर घातले होते.

स्प्रिंग दाबायचं अवजार उद्यमनगरातल्या एका वेल्डरनं अर्ध्या तासात करून दिलं. दोन फूट लांब लोखंडी पट्टी, एका टोकाला हेडच्या खुंटीवर नटाखाली अडकणारी खाच, आणि मध्ये स्प्रिंगच्या वाटीच्या मापाचा पाइपाचा तुकडा जोडलेला. त्या तुकड्याला बाजूनं खिडकी कापलेली, म्हणजे आतलं दिसतं आणि बोटं जातात. पट्टी दाबली की वाटी खाली जाते आणि दांडीवरच्या कॉटरच्या दोन अर्धकड्या उघड्या पडतात.

काम सुरू करताना बॅटरीची वायर काढली. दोर भरला, हँडल हातानं हळू फिरवलं, ते जिथं मऊपणानं अडलं तिथं थांबलो. हँडल काढून ठेवलं, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला. हे विसरलं तर पट्टी दाबताना पिस्टनच खाली सरकतो. कॉटर जाम झाले असतील तर वाटीवर बॉक्स पाना ठेवून हातोडीनं एक हलका टोला पुरतो. डोळ्यांवर चष्मा हवा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती कुणाची ओळख ठेवत नाही.

पट्टी मी दाबायची, कॉटर वडिलांनी उचलायचे. जुन्या रेडिओच्या स्पीकरच्या लोहचुंबकावर घासलेला स्क्रू ड्रायव्हर त्यासाठी केला होता. आधी कॉटरवरची तारेची क्लिप, मग कॉटर, मग वाटी आणि स्प्रिंग. आमच्या इंजिनात सील म्हणजे दांडीवर कॉटरच्या खाली बसणारी रबरी रिंग. जुन्या रिंगा निघाल्या त्या रिंगा म्हणाव्यात अशा नव्हत्याच. बोटांत धरताच तुकडे झाले. काढलेली रिंग चांगली दिसली तरी परत घालायची नाही. नव्या रिंगा थोडा वेळ स्वच्छ ऑइलमध्ये भिजत घातल्या तर सहज सरकतात. आणि क्रम महत्त्वाचा: आधी स्प्रिंग आणि वाटी, मग दाब, मग रिंग दांडीवरून खाली तिच्या जागेपर्यंत, मग कॉटर. कॉटर ग्रीस लावून चिकटवले की जागेवर राहतात. शेवटी क्लिप, आणि दांडीच्या डोक्यावर हातोडीच्या लाकडी मुठीनं दोन टिचक्या.

पाचव्या व्हॉल्व्हला माझा हात घसरला. टिंग असा आवाज आला आणि कॉटरची एक अर्धकडी नाहीशी झाली. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी वस्तू. ती पुशरॉडच्या भोकातून खाली गेली असती, तर ऑइलची टाकी उतरवल्याशिवाय सुटका नव्हती. आणि न शोधता गाडी सुरू करायची हिंमत कुणाची? वडिलांनी सकाळीच सगळ्या भोकांत कापडाचे बोळे बसवले होते, प्रत्येकाला सुतळी बांधून. मला तेव्हा ते जास्तीचं वाटलं होतं. पाऊण तासानं ती अर्धकडी तिसऱ्या बोळ्याच्या घडीत सापडली. वडील काही बोलले नाहीत, पण त्यानंतर पट्टी त्यांनी दाबली आणि कॉटर मी उचलले.

स्प्रिंग निघालेली असताना, दोर किंचित ढिला करून, व्हॉल्व्हची दांडी हातानं डावी-उजवी हलवून बघायला विसरू नये. स्पष्ट खडखडली तर गाइडच झिजलंय, आणि नवं सील तिथं फार दिवस टिकत नाही.

हेडचे नट आवळताना घरगुती अवजारांची मर्यादा येते. मधून सुरुवात करून बाहेर, थोडं थोडं, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानंच. टॉर्क पाना आमच्याकडं नव्हता. पोती तोलायचा ताणकाटा होता. नटाच्या मध्यापासून बरोबर एक फुटावर पान्याला काटा अडकवायचा आणि काटकोनात ओढायचं, किलोंना २.२ नं गुणलं की फूट-पौंड येतात. चालतं, पण टॉर्क पाना उसना मिळत असेल तर तोच आणावा. मग टॅपेटची फट. आठ व्हॉल्व्हच्या या इंजिनाला नऊचा नियम आहे: आठवा पूर्ण उघडलेला असताना पहिल्याची फट बघायची, सहावा उघडलेला असताना तिसऱ्याची, बेरीज नऊ.

ही युक्ती सगळीकडं चालत नाही. वर दोन-दोन कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात आधी टायमिंगचा पट्टा किंवा चेन सोडावी लागते, आणि ती एक दात चुकली तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तिथं अंगणात हात घालू नये.

गाडी सुरू केली तेव्हा धूर आलाच, पहिल्यापेक्षा जास्त. माझा चेहरा उतरला. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल साठलेलं असतं, ते जळून जायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी आम्ही आंबा घाट उतरलो. पायथ्याशी वडिलांनी पाय दाबला आणि आरशात बघितलं. मी सरळ मान वळवून मागं बघितलं. रस्ता दिसत होता.

पुढं लिटरभर ऑइल दीड हजार किलोमीटर पुरायला लागलं. तिसऱ्या सिलिंडरचं इनलेट गाइड तेवढं सैल होतं. थंडीत पहाटे गाडी सुरू केली की एक छोटा निळा भपकारा यायचाच. तेवढ्यासाठी हेड उतरवायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं.