कृष्णाबाईच्या काठाने : वाई ते मेणवली

माघातील थंडी ओसरू लागली, पांडवगडाच्या अंगावरचे गवत पिवळे पडले, की वाईच्या घाटांवर मांडव उभे राहू लागतात. कृष्णाबाईच्या उत्सवाचे ते दिवस. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा सात आळ्यांच्या घाटांवर नदीमाई पाळीपाळीने पाहुणी म्हणून येते. मांडवात तिची मूर्ती बसते. पूजा, पुराण, कीर्तन, नैवेद्य आणि प्रसादाच्या पंगती होतात. माघात सुरू झालेला हा सोहळा फाल्गुनातही चालू असतो. सन १६५९ मध्ये अफझलखानाचा तळ वाईस पडला, त्या संकटसमयी कृष्णेला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी गावची परंपरा आहे. देवळातील देवाचा उत्सव गावोगाव असतो. वाहत्या पाण्याला आई म्हणून मांडवात बसविणारे गाव मात्र विरळा.

या दिवसांत वाईस जाणारी कुटुंबे पुष्कळ. पण अलीकडे त्यांची रीत ठरून गेलेली आम्ही पाहतो. मोटार गणपतीच्या देवळाशी थांबते, दर्शन होते, घाटावर दोन छायाचित्रे निघतात आणि मंडळी पसरणीच्या घाटाने पाचगणी-महाबळेश्वराकडे चालती होतात. नदी पाहिली जाते ती पुलावरून, काचेआडून. म्हणून गेल्या माघात आम्ही ठरविले, की वाईपासून मेणवलीपर्यंत पायीच जावयाचे. अंतर अवघे साडेतीन-चार किलोमीटर. बरोबर आमच्या मातोश्री, घरची मंडळी आणि दोन मुले होती. मातोश्रींच्या हाती एक पिशवी होती. तीत महिनाभराचे निर्माल्य होते. पुण्यास फ्लॅटमध्ये ते टाकावयाचे कोठे, हा त्यांना नित्य पडणारा प्रश्न. कृष्णेत सोडले की मन निश्चिंत होईल, असे त्या घरून निघतानाच म्हणाल्या होत्या.

सकाळी सातच्या सुमारास आम्ही गणपती घाटावर उतरलो. वाईचा ढोल्या गणपती महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? सन १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे मंदिर बांधविले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच कन्या. त्यामुळे या घराण्याचा हात पैशाला आणि पुण्याला सारखाच मोकळा होता. एकाच पाषाणातून घडविलेली सुमारे दहा फूट उंचीची ती विशाल मूर्ती पाहून मुले थबकली. दर्शन आटोपल्यावर आम्ही त्यांना देवळाच्या मागील बाजूस नेले. भाविक सहसा तिकडे फिरकत नाहीत, आणि बांधणाऱ्याची खरी करामत तर तेथेच आहे. मागची भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी ती पुढे निमुळती होत गेली आहे. पावसाळ्यात कृष्णा फुगून घाटावर चढते, तेव्हा पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटतो, दोहो बाजूंनी वाट काढतो आणि देवालयास धक्का लागत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे हे मंदिर पुराच्या तोंडाशी असे उभे आहे. नदीशी झुंज घ्यावयाची नाही, तिला वाट द्यावयाची, हे त्या गवंड्यांना पुरते उमगले होते. शेजारच्याच काशीविश्वेश्वराचा काळ्या पाषाणातील नंदीही रास्त्यांचेच देणे. त्याच्या गळ्यातील घंटांच्या माळेवरून हात फिरविल्यावाचून मुले हलली नाहीत.

येथेच पिशवीचा प्रसंग घडला. मातोश्री पायऱ्या उतरून पाण्याशी गेल्या. पाणी संथ होते. वर धोमचे धरण झाल्यापासून वाईची कृष्णा बरीचशी धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर वाहते. सुटणे थांबले की घाटापाशी ते साचून राहते, आणि मग त्यावर जलपर्णी पसरते. पायऱ्यांच्या कडेला फुलांचा चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या, एक फुटकी तसबीर, असे बरेच काही तरंगत होते. जुन्या ओट्या होत्या, नारळाच्या शेंड्या होत्या. जे श्रद्धेने आले होते तेच तेथे कुजत होते. गावातील काही स्वयंसेवक सुटीच्या दिवशी पाण्यात उतरून हे सारे बाहेर काढतात. त्या दिवशीही दोघे तरुण खांद्यावर पाटी घेऊन वर येत होते.

धाकट्याने विचारले, “आजी, कृष्णाबाई देवी आहे ना? मग तिच्या अंगावर कचरा कसा टाकायचा?”

“कचरा नव्हे रे, देवावरची फुलं आहेत ती,” मातोश्री म्हणाल्या. पण पिशवीची गाठ त्यांनी सोडली नाही. थोडा वेळ पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि पिशवी तशीच घेऊन वर आल्या. आम्ही काही बोललो नाही. सत्तर वर्षांची रीत एका पायरीवर बदलत नसते, आणि घाटावर उभे राहून वडीलधाऱ्यांस शिकविणे आम्हांस प्रशस्तही वाटत नाही.

वाईला दक्षिण काशी म्हणतात ते केवळ देवळांमुळे नव्हे. प्राज्ञपाठशाळा येथली, धर्मकोशाचे प्रचंड काम येथले; आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला तोही या लहानशा गावाच्या आधाराने. हे सारे चालता चालता मुलांना सांगितले. त्यांनी ऐकले किती, हा भाग वेगळा.

गाव मागे पडले की रस्त्याच्या दोहो अंगांस मळे लागतात. नदी कधी जवळ येते, कधी उसाच्या फडाआड जाते. तिचा गारवा मात्र अंगाशी राहतो. वाईची हळद प्रसिद्ध आहे, आणि माघ-फाल्गुन हा तिच्या काढणीचा काळ. एके ठिकाणी खणलेल्या हळकुंडांचा ढीग पडला होता आणि मोठ्या काहिलीत हळद शिजत होती. तो उग्र, ओला, मातकट वास मुलांनी पहिल्यानेच घेतला. घरच्या देव्हाऱ्यातील हळद डबीतून येते एवढेच त्यांना ठाऊक. शिजविल्यावर ती उन्हात कित्येक दिवस वाळते, मग घासून तिला उजळा येतो आणि त्यानंतर ती दळली जाते, हे तेथील मावशींनी त्यांस हाताने दाखवून सांगितले. त्यांचे लक्ष मातोश्रींच्या पिशवीकडे गेले. “काय हाय त्यात?” मातोश्रींनी सांगितले. बाई हसल्या. “द्या हिकडं. आमच्या घरच्या देवाचं बी त्या खड्ड्यातच जातं. पुढल्या साली हळदीच्या बुडाला व्हईल.”

मळ्याच्या कडेला शेणखताचा खड्डा होता. मातोश्रींनी आधी दोरा आणि प्लास्टिक निराळे काढले, मग स्वतःच्या हाताने फुले त्यात सोडली, वर चिमूटभर माती टाकली आणि नमस्कार केला. मावशींनी त्यांच्या ओंजळीत चार ओली हळकुंडे घातली.

मेणवली हे नाना फडणीसांचे गाव. बाळाजी जनार्दन भानू यांना ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इनाम मिळाले आणि त्यांनी येथे वाडा, घाट व देवालये उभारली. वाडा सहा चौकांचा आहे. आज तो वंशजांच्या खाजगी मालकीचा असून अल्प शुल्क देऊन पाहता येतो. सागवानी खांब, भिंतींवरील जुनी चित्रे, माजघराची शांतता, सारे पाहण्याजोगे आहे. नानांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई येथेच राहिल्या. मराठेशाहीच्या इतिहासाला आधारभूत ठरलेले ‘मेणवली दप्तर’ याच वास्तूतले. राज्याचे मसलतीचे कागद कोठे जपून ठेवले होते, तर नदीकाठच्या या निवांत घरात! हे ऐकून थोरल्याने वाड्याकडे निराळ्याच नजरेने पाहिले.

वाड्याच्या मागील दाराने घाटावर उतरावे. हा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि महाराष्ट्रातील देखण्या घाटांत त्याची गणना होते. विष्णूचे आणि मेणेश्वर महादेवाचे अशी दोन देवळे तेथे आहेत. मेणेश्वरासमोरच्या लहानशा दगडी घुमटीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील पोर्तुगीज चर्चमधून मराठ्यांनी घंटा आणल्या, ही त्यांतलीच. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरीही अशा घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मेरीची आकृती आहे.

मुलांनी ती आकृती बोटाने चाचपली. एक वृद्ध बाई नदीवरून कळशी भरून येत होत्या. मेणेश्वराला पाणी घालून परतताना त्यांनी सहज त्या घंटेलाही हात लावून तो कपाळाशी नेला. आम्ही विचारले, तेव्हा म्हणाल्या, “लेकरू घेतलेली बाई आहे. तिला पाया पडायला काय जातंय?” लढाईत जिंकून आणलेल्या वस्तूचे काय करावे याचा पुण्याच्या दरबाराने काय विचार केला असेल तो असो; या घाटावर तिला हे असे स्थान मिळाले आहे.

मेणवलीच्या पायऱ्यांवर आम्ही शिदोरी सोडली. दशम्या, चटणी, आणि वाईतून घेतलेले पेढे. ज्यांना मुलांसह हा रस्ता करावयाचा असेल त्यांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. उन्हे चढण्याआधी निघावे, कारण मळ्यांची सावली सलग नाही. आणि पाण्यात पाय बुडवावेत, पण मुलांना पोहू देऊ नये. धरणातून पाणी सुटले की पातळी पाहता पाहता वाढते आणि घाटाच्या शेवटच्या पायरीनंतर खोली किती हे वरून कळत नाही. वृद्धांना परतीची चाल जड जाईल, तर मेणवलीहून वाहन मिळते.

आम्ही तसेच वाहन करून पुढे धोमला गेलो. धौम्य ऋषींच्या नावाशी जोडलेले हे स्थान. तेथील शिवालयासमोरील नंदी पाण्याच्या कुंडात, दगडी कासवाच्या पाठीवर बसला आहे. कुंड भरले की तो कासवासह तरंगतो आहे असा भास होतो. गावापासून जवळच धरणाची भिंत दिसते. तिच्या अलीकडे कृष्णा नदी आहे आणि पलीकडे जलाशय. महाबळेश्वरी उगम पावलेली, सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरास मिळणारी नदी येथे अडते. यानंतर ती वाई, संगम माहुली, औदुंबर, नरसोबावाडी असे आपले सारे तीर्थक्षेत्र ओलांडीत जाते. वाईच्या घाटावर आपण जे सोडतो, ते पुढे वाडीच्या पादुकांसमोर स्नानाला उतरणाऱ्या कुणाच्या तरी ओंजळीत येते.

सायंकाळी उत्सव चालू असलेल्या घाटावर परतलो, तो कीर्तन रंगात आले होते. समया लागल्या होत्या. मांडवात कृष्णाबाई भरजरी साडीत बसली होती. मातोश्रींनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि वर मळ्यातली ती चार ओली हळकुंडे. पुजाऱ्याने ती नुसती पाहिली आणि देवीच्या पायांशी ठेवली. मांडवाच्या दाराशी एक मोठे पिंप ठेवलेले होते, वर खडूने ‘निर्माल्य’ असे लिहिलेले. धाकटा त्याकडे बोट दाखवून काही सांगणार, तोच पंगतीची हाक आली.