घोड्याचा ट्रेलर ओढणारी रोजची गाडी

ब्रिटनमध्ये घोडा पाळणाऱ्या अनेकांना आठवडाभर ऑफिसला नेणारी आणि रविवारी ट्रेलर ओढणारी एकच गाडी हवी असते. आधी वजनाचा हिशेब मांडा. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर सुमारे ९०० किलोचा, एकेक घोडा ५००-६०० किलोचा. म्हणजे दोन टन झालेच. छोटी हॅचबॅक इथेच बाद. चेसिस नंबरच्या पट्टीवर गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल किती वजन चालेल ते छापलेलं असतं. त्यातून गाडीचं भरलेलं कमाल वजन वजा करा, ओढण्याची मर्यादा कळते. विक्रेता काहीही सांगो, पट्टी बघा! शिवाय घोडा जागेवर हलतो, तेव्हा हलकी गाडी डगमगते. मायलेजला डिझेल इस्टेट (स्टेशन वॅगन) गाडी चांगली, पण ओल्या गवतावरून ट्रेलर बाहेर काढायला फोर-व्हील ड्राइव्हच हवी. दोन घोडे नेहमी न्यायचे असतील, तर मायलेजचा नाद सोडा आणि जड गाडीच घ्या.