इंग्रजी नाम एकटं येत नाही

यंत्राने लिहिलेली इंग्रजी ठरावीक शब्दांवरून ओळखू येते, ही बातमी आता कोणाला नवी नाही. ‘डेल्व्ह’ हा शब्द तर पार बदनाम झाला. एप्रिल २०२४मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन गुंतवणूकदाराने ‘डेल्व्ह’ दिसला की मजकूर यंत्राचा, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं आणि नायजेरियातले लोक खवळले. त्यांच्याकडे तो शब्द रोजच्या वापरातला. मग जुलै २०२५मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये एक अभ्यास आला. जीववैद्यक शोधनिबंधांचे दीड कोटी सारांश तपासून त्यात अनुमान काढलं होतं की २०२४मधल्या किमान १३.५ टक्के सारांशांवरून यंत्राचा हात फिरला आहे.

मथळे या टक्केवारीचे झाले. मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. करोनाच्या काळात एकाएकी वाढलेले शब्द बहुतेक नामं होती. साथ नवी होती, तिची नावं नवी होती, तेव्हा ते साहजिकच. २०२४मध्ये मात्र क्रियापदं आणि विशेषणं वाढली. विषय तेच राहिले, नामांच्या शेजारी बसणारी मंडळी बदलली. भूमिका ‘क्रूशल’ झाली, आकलन ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ झालं. म्हणजे चोरी पकडली गेली ती क्रियापदांमुळे आणि विशेषणांमुळे. आणि ज्या विषयाला आपल्या शाळांत ‘गाळलेल्या जागा भरा’पलीकडे किंमत मिळाली नाही, तो विषय अचानक बातमीत आला: इंग्रजी भाववाचक नाम कोणतं विशेषण आणि कोणतं प्रेपोझिशन जवळ करतं?

यातली मौज आधी मराठीत पाहा. संगीताची आवड, संगीतात रस, संगीताकडे ओढा, संगीताविषयी कुतूहल, संगीतावर प्रेम. अर्थ जवळजवळचे, पण प्रत्येक नामाचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय वेगळं. विशेषणांचंही तसंच. हौस दांडगी, विश्वास गाढ, शंका दाट, वैर कट्टर, निराशा घोर. ‘दाट विश्वास’ आणि ‘गाढ शंका’ म्हणणारा माणूस व्याकरणात चुकत नाही, पण तो मराठीत वाढलेला नाही हे लगेच कळतं. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. कानावर पडत गेलं.

इंग्रजी आपण कानाने शिकत नाही, अर्थ जुळवत शिकतो, आणि तिथेच फसतो. कारण मराठी कधी अचूक साथ देते, कधी ऐन वेळी हात सोडते. ‘आरोग्यावर परिणाम’ म्हणून ‘इफेक्ट ऑन’, जुळलं. ‘किमतीत वाढ’ म्हणून ‘इन्क्रीज इन’; हेही जुळलं. ‘अपघाताचं कारण’ म्हणजे ‘कॉज ऑफ’, छान. त्याच भरात ‘उशिराचं कारण’ म्हणून ‘रीझन ऑफ’ लिहिलं की चुकलं, तिथे ‘फॉर’ लागतो. ‘प्रश्नाचं उत्तर’ आणि ‘प्रश्नावर उपाय’ या दोन्हींना इंग्रजीत ‘टू’ लागतो: ‘आन्सर टू’, ‘सोल्यूशन टू’. निम्म्या वेळा बरोबर येणारा नियम हा पूर्ण चुकीच्या नियमापेक्षा जास्त घातक असतो.

आता ‘डिस्कस अबाउट’ची गोष्ट. भारतीय इंग्रजीची थट्टा करताना हे उदाहरण हमखास निघतं. जोडीला ‘एम्फसाइझ ऑन’. मराठीतून शब्दशः आणलेली चूक म्हणून आपण मान खाली घालतो. ‘विषयावर भर देणे’मधला ‘वर’ इथे आहेच. पण तेवढंच नाही. ‘डिस्कशन अबाउट’ हे शुद्ध इंग्रजी आहे, ‘एम्फसिस ऑन’ही आहे. नामाला प्रेपोझिशन लागतं, क्रियापदाला लागत नाही, हा इंग्रजीचा स्वतःचा लहरीपणा. ‘डिमांड’ हे क्रियापद थेट कर्म घेतं. तेच नाम झालं की मागे ‘फॉर’ येतो. ‘लॅक’ नाम झालं की ‘ऑफ’ येतो. शिकणाऱ्याने नामाची शेपटी क्रियापदाला लावली, तर त्यात अडाणीपणापेक्षा तर्क जास्त आहे.

हा गुंता इंग्रजांना घरबसल्या दिसला नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. हॅरल्ड पामर हा शिक्षक १९२२मध्ये जपानला गेला आणि टोकियोत इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणारी संस्था त्याने उभी केली. १९३३मध्ये त्याने जोडीने येणाऱ्या इंग्रजी शब्दांवर एक सविस्तर अहवाल काढला; ‘कोलोकेशन’ हा शब्द त्याच्या मथळ्यातच होता. त्याचा सहकारी ए. एस. हॉर्नबी. त्याने दोघा साथीदारांसह केलेला शब्दकोश युद्ध चालू असताना, १९४२मध्ये टोकियोत छापला गेला. पुढे १९४८मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. आज इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हाती असतो तो ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश त्याचाच वंशज.

आणि जे. आर. फर्थ. यॉर्कशरचा हा माणूस १९२०च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. मायदेशी परतल्यावर १९४४मध्ये तो लंडनमध्ये सामान्य भाषाशास्त्राचा ब्रिटनमधला पहिला प्राध्यापक झाला. त्याचा सिद्धांत असा: शब्दाचा अर्थ शब्दाच्या पोटात शोधू नका, त्याची संगत पाहा. ‘नाइट’च्या अर्थाचा एक भाग म्हणजे तिच्या शेजारी ‘डार्क’ येऊ शकतो, एवढं साधं उदाहरण त्याने दिलं. परक्या विद्यार्थ्यांच्या ‘का?’पुढे निरुत्तर झालेल्या मास्तरालाच असा सिद्धांत सुचतो, असा माझा पक्का ग्रह आहे. फर्थच्या परंपरेतल्या हॅलिडेंनी १९६६मध्ये दाखवलं की युक्तिवाद ‘स्ट्राँग’ही असतो आणि ‘पॉवरफुल’ही, चहा मात्र फक्त ‘स्ट्राँग’, आणि मोटार फक्त ‘पॉवरफुल’.

मग संगणक आला. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने सुमारे २ कोटी शब्दांच्या खऱ्याखुऱ्या इंग्रजीवरून १९८७चा कोबिल्ड शब्दकोश केला. त्यातून मजेदार गोष्टी बाहेर पडल्या. ‘सेट इन’ या जोडीच्या वाट्याला कुजणं, निराशा, जंतुसंसर्ग असलीच नामं येतात. ‘कॉज’ या क्रियापदाचीही संगत वाईट: नुकसान, त्रास, मृत्यू. त्यामुळे बातमीने आनंद ‘कॉज’ केला, असं लिहिलं तर वाक्य बरोबर असूनही वाचणारा दचकतो. कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात ही सूचना नव्हती, कारण इंग्रजांनाही आपण असं बोलतो हे ठाऊक नव्हतं.

तरीही सगळीच मनमानी नाही. वाढ, घट, बदल सांगणारी नामं बहुधा ‘इन’ घेतात. इच्छा, गरज, मागणी ‘फॉर’ घेतात. परिणाम, प्रभाव, कर, हल्ला ‘ऑन’ घेतात. काही नामं तर प्रेपोझिशन बदलून अर्थ बदलतात. ‘टेस्ट इन’ म्हणजे अभिरुची, ‘टेस्ट फॉर’ म्हणजे ओढ, ‘टेस्ट ऑफ’ म्हणजे चव किंवा चुणूक. ‘कन्सर्न फॉर’मध्ये आस्था जास्त, ‘कन्सर्न अबाउट’मध्ये काळजी. विशेषण मध्ये शिरलं की आणखी गंमत. ‘नॉलेज’ मोजता येत नाही, म्हणून त्याला ‘अ’ लागत नाही हे आपण शिकतो. पण मराठीचं चांगलं ज्ञान असेल तर ‘अ गुड नॉलेज ऑफ मराठी’. ‘इन डेंजर’मध्ये ‘ग्रेव्ह’ सहज बसतं, ‘अ‍ॅट प्रेझेंट’मध्ये कोणतंच विशेषण शिरू शकत नाही.

आजची भाषायंत्रं नेमकी फर्थच्या वाटेने शिकली. त्यांना कोणी नियम दिले नाहीत. अफाट मजकुरातून कोणाशेजारी कोण येतं, हेच ती मुख्यतः शिकली. म्हणून ‘इंटरेस्ट इन’ त्यांचं चुकत नाही. आणि म्हणूनच ती वापरून गुळगुळीत झालेल्या जोड्याच पुढे करतात. बिनचूक आणि बेचव हे दोन्ही गुण एकाच शिक्षणाचे. विद्यार्थी आता प्रेपोझिशनची काळजी यंत्रावर सोपवून मोकळे होतील, याचं मला फारसं दुःख नाही. पण कोणती जोडी ताजी आणि कोणती झिजलेली, हे ज्याला कळत नाही त्याला यंत्राचं लिखाण सुधारताही येणार नाही.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. पाव शतक उलटलं, तरी मुलांच्या वहीत शब्द अजून एकटेच उतरतात: डावीकडे ‘इंटरेस्ट’, उजवीकडे ‘आवड’. तिथे ‘कीन इंटरेस्ट इन म्यूझिक’ असा अख्खा तुकडा हवा, आणि परीक्षेत गाळलेल्या जागेऐवजी ‘टेस्ट’ची तिन्ही प्रेपोझिशन वापरून तीन वाक्यं लिहायला सांगायला हवीत. अशा उत्तरासाठी पाठांतर कमी आणि अवांतर वाचन जास्त लागतं, शिवाय तपासणाऱ्यालाही वाचन लागतं. आपल्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न येत नाही, याचं कारण मला तरी या दुसऱ्या अटीत दिसतं.