मानेवरचे दाणे, डोळ्यातल्या भेगा

पूर्व विदर्भातल्या गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल हे नाव घरोघर ऐकलेलं असतं. स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम ऊर्फ पीएक्सई या आनुवंशिक आजाराचं नाव मात्र डॉक्टरांच्याही कानावर क्वचितच पडतं. साहजिकच आहे, २५ हजार ते १ लाख माणसांत एखाद्यालाच तो होतो.

सुरुवात मानेपासून होते, बहुधा शाळकरी वयात. मानेच्या बाजूला बारीक पिवळसर दाणे उठतात आणि कातडी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसू लागते. मग काखेत, कोपराच्या खळगीत. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणी दाखवतही नाही. दाखवलंच तर एखादं मलम मिळतं.

दाणे कातडीवर असले तरी मूळ बिघाड तिथला नाही. २००० साली सापडलेलं एबीसीसी-६ हे जनुक मुख्यतः यकृतात काम करतं. त्याच्यामुळे रक्तात पायरोफॉस्फेट तयार होतं आणि ते नको तिथे कॅल्शियम साचू देत नाही. जनुक बिघडलं की लवचीक तंतूंवर कॅल्शियमची पुटं चढतात. दोष यकृताचा, शिक्षा कातडीला, डोळ्यांना आणि धमन्यांना! धमन्या बिघडल्या की चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. कधी जठरातून रक्तस्राव होतो.

डोळ्याचं नुकसान सर्वांत मोठं. दृष्टिपटलाखालचा पडदा ठिसूळ होऊन तडकतो. भेगांतून नवीन रक्तवाहिन्या फुटून रक्त झिरपलं, की दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागते. तेव्हा थांबू नये. डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी उरलेली नजर बऱ्याचदा राखता येते. या भेगा आणि मानेवरचे दाणे एकाच आजाराचे आहेत, हे १९२९ मध्ये स्वीडनमध्ये एस्टर ग्रोनब्लाड आणि जेम्स स्ट्रँडबर्ग यांनी दाखवलं.

पण अशाच भेगा सिकलसेलच्या रुग्णांतही, विशेषतः वय वाढल्यावर, आढळतात. त्यामुळे पूर्व विदर्भात त्या दिसल्या की सिकलसेलसाठी रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावीच. मात्र शर्टाची कॉलर खाली करून मानही बघावी. शंका आली तर कातडीचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कॅल्शियम उघडं पडतं.

निदान झालं की भावंडांनाही बोलवावं. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत असे वाहक एकत्र येणं अधिक संभवतं. आजार असलेल्यांनी डोक्याला मार लागेल असे खेळ टाळावेत, कारण ठिसूळ पडदा एका धक्क्यानेही फाटू शकतो.