गेमिंग लॅपटॉप अचानक स्लो झालाय? रॅमवर खर्च करण्याआधी हे तपासा

पोरांच्या इंजिनिअरिंगसाठी पोटाला चिमटा काढून गेमिंग लॅपटॉप घेतलेला असतो आणि एक दिवस तो अचानक रेंगाळायला लागतो. दुरुस्तीला नेला की अनेकदा सल्ला मिळतो, ‘रॅम वाढवा’. जरा थांबा. कालपर्यंत नीट चालत होता, मग रॅम आजच कशी कमी पडेल? आधी घरीच हे बघा.

चार्जर : बॅटरीवर असे लॅपटॉप आपली ताकद कमी करतात. ६५ वॅटचा छोटा चार्जर लावला तरी तेच होतं. सोबत आलेला मूळ चार्जरच लावा. तो बहुधा १५० वॅटच्या पुढचा असतो.

सेटिंग : विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर इथे जाऊन पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा.

उष्णता : प्रोसेसर ९५-१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा. जाळीत धूळ साचली असेल तर बंद करून साफ करून घ्या.

मेमरी : कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ काम करताना सतत ९० टक्क्यांच्या वर दिसली, तरच रॅमचा विचार करा.