बैलाला सुई, गिधाडाला मरण

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर सोबतीला येतो. बहुतेकांची नजर माथ्यावर, हनुमानाच्या जन्मस्थानाकडे जाते. पक्षी पाहणारे मात्र त्याखालचा काळा कडा न्याहाळतात. कपारींखाली पांढरे ओघळ दिसले की समजायचं, तिथे लांब चोचीच्या गिधाडांचा मुक्काम आहे. वर्षानुवर्षं त्याच कपारीत घरटं होतं आणि विष्ठेचे ते डाग कातळावर साचत जातात. एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वाढून स्वतः वीण करायला साधारण पाच वर्षं घेतं. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यावर अचानक मरण कोसळलं तर भरपाई व्हायला पिढ्या जातात.

तसं मरण कोसळलं होतं. त्याचं कारण शोधून काढलं ते पशुवैद्यकाच्या शवविच्छेदनाच्या टेबलाने.

१९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गावाबाहेर मेलेलं जनावर ओढून टाकलं की तासाभरात आभाळात ठिपके दिसू लागत आणि दिवस मावळायच्या आत फक्त हाडं उरत. मग ही गर्दी ओसरली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची मोजदाद करत होते. एकेकाळी भरलेली घरटी रिकामी पडलेली त्यांना दिसली. झाडांवर बसलेली गिधाडं मान खाली टाकून तासन्‌तास तशीच राहत आणि काही दिवसांनी झाडाखाली मेलेली सापडत. १९९९ मध्ये त्यांनी ही घसरण जाहीर केली. देशभरात फिरून केलेल्या पुढच्या गणनांनी तर धक्काच दिला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली होती, म्हणजे हजारातलं एक उरलं होतं. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून सुमारे ९७ टक्के गेली होती.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय साथीच्या रोगावर होता. तो अस्थानीही नव्हता. एका जातीपाठोपाठ दुसरी जात, एका राज्यापाठोपाठ दुसरं राज्य असा हा मृत्यू पसरत होता. विषाणू असणार, असं गृहीत धरून शोध सुरू झाला आणि त्यात बरीच वर्षं गेली. अन्न कमी पडलं म्हणावं, तर मेलेली जनावरं जागोजागी कुजत पडलेली होती.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लिंडसे ओक्स यांनी ‘पेरेग्रीन फंड’ या संस्थेच्या मदतीने पाकिस्तानातल्या पंजाबात काम सुरू केलं. तिथल्या उन्हात मेलेला पक्षी एका दिवसात सडतो आणि सडलेल्या अवयवांतून रोग कळत नाही. त्यामुळे वसाहतींवर रोज फिरून ताजी शवं उचलणं हेच पहिलं काम होतं. पोट उघडलं की पुन्हा पुन्हा एकच दृश्य दिसे: हृदय, यकृत, आतडी या सगळ्यांवर पांढरा, खडूसारखा लेप. तो लेप युरिक आम्लाचा होता. माणसाच्या मूत्रपिंडातून युरिया बाहेर पडतो, तर पक्ष्यांच्या मूत्रपिंडातून युरिक आम्ल. मूत्रपिंड बंद पडलं की हे आम्ल रक्तात साठतं आणि शेवटी आतल्या अवयवांवर स्फटिक होऊन बसतं. पशुवैद्यक या विकाराला अंतर्गत गाउट म्हणतात.

मूत्रपिंड निकामी झालंय हे कळलं, पण ते कशाने? विषाणू, जिवाणू, कीटकनाशकं, शिसं, कॅडमियम, सगळं तपासून झालं. हाती काहीच लागेना. तेव्हा ओक्स यांच्या गटाने प्रश्न उलटा मांडला. गिधाड खातं काय, तर मेलेली गुरं. मग त्या गुरांच्या अंगात मरण्याआधी काय गेलं होतं? त्यांनी पशुवैद्यकांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली. पोटावाटे शोषलं जाणारं, मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारं आणि गुरांना सर्रास टोचलं जाणारं औषध कोणतं? या तिन्ही अटींत एकच नाव बसलं, डायक्लोफेनॅक.

त्यानंतरचा निकाल इतका स्वच्छ लागला की विज्ञानात असं क्वचितच घडतं. अंतर्गत गाउटने मेलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, तर पंचवीसही पक्ष्यांत डायक्लोफेनॅक सापडलं. इतर कारणांनी मेलेली १३ तपासली, त्यांतल्या एकातही ते नव्हतं. औषध टोचलेल्या म्हशी-शेळ्यांचं मांस पिंजऱ्यातल्या जायबंदी गिधाडांना खाऊ घातलं तेव्हा तीही त्याच पद्धतीने मेली. २००४ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये छापून आलं.

डायक्लोफेनॅक आपल्याकडच्या घराघरात ठाऊक आहे. गुडघे धरले, कंबर भरली की डॉक्टर त्याचीच गोळी देतात. १९९०च्या दशकात ते स्वस्त झालं आणि गुरांच्या दवाखान्यात पोहोचलं. बैल लंगडला, गाईच्या कासेला दगडी झाली, ताप चढला की ही सुई दिली जाई आणि जनावराला चटकन आराम पडे. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. जनावर जगलं तर दोन-तीन दिवसांत औषध अंगातून निघून जाई. सुई देऊनही ते दगावलं, तरच त्याचं मांस विषारी ठरे. मग इतक्या थोड्या जनावरांमुळे कोट्यवधी गिधाडं कशी मेली? संशोधक ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं की शंभरातल्या एकाहून कमी शवांत घातक मात्रा असली तरी हा सगळा संहार घडू शकतो. एका शवावर डझनावारी गिधाडं जेवतात आणि पुढच्या जेवणासाठी मैलोन्‌मैल उडत जातात. प्रत्यक्षात भारतातल्या मेलेल्या गुरांचे नमुने तपासले, तेव्हा साधारण दहातल्या एका जनावरात हे औषध निघालं.

इथे पशुवैद्यकशास्त्राने जे केलं, त्याबद्दल या शास्त्राचं मनापासून कौतुक करायला हवं. नुसती बंदी मागून शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नव्हता. त्याच्या बैलाचं दुखणं खरंच होतं. म्हणून गुरांना गुण देणारं आणि गिधाडांना न मारणारं औषध शोधण्याचं काम दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागाने हाती घेतलं. २००६ मध्ये मेलॉक्सिकॅम हे औषध सुरक्षित असल्याचा निष्कर्ष जाहीर झाला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही आपल्याकडच्या गिधाडांवर त्याची सुरक्षितता तपासली. त्याच वर्षी भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. इज्जतनगरची ही संस्था जन्माने महाराष्ट्राची आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८८९ मध्ये ती पुण्यात एक प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि बुळकांडी या गुरांच्या रोगावरच्या तिच्या कामातून देशाला लस मिळाली. त्या बुळकांडीचं २०११ मध्ये जगातून उच्चाटन झालं.

बंदी आली तरी औषध गेलं नाही. माणसांसाठीची ३० मिलिलिटरची बाटली दुकानात मिळतच होती आणि ती गुरांना भरपूर पुरे. २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती, एका मात्रेची करण्यात आली, तेव्हा ही पळवाट अरुंद झाली. तोवर दुसरी औषधं डायक्लोफेनॅकच्या जागी येऊन बसली होती. ॲसिक्लोफेनॅक तर गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं. कीटोप्रोफेनही गिधाडांना घातक निघालं. या दोन्हींवर जनावरांपुरती बंदी यायला २०२३ साल उजाडलं. एक औषध चाचणीत सापडायचं, मग कागदपत्रं फिरायची, तोवर ते हजारो गुरांना टोचलेलं असायचं. नवं वेदनाशामक बाजारात आणण्याआधीच त्याची गिधाडांवरची सुरक्षितता तपासणं सक्तीचं असायला हवं, ही शास्त्रज्ञांची जुनी मागणी रास्त आहे.

गिधाडं गेली त्याची किंमत माणसांनीही मोजली. शिकागो विद्यापीठातले एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठातले अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडं भरपूर असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची तुलना केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, गिधाडं गमावलेल्या जिल्ह्यांत मृत्युदर ४ टक्क्यांहून जास्त वाढला आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. शवं कुजली, पाणी दूषित झालं, भटकी कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीज वाढला.

नाशिक जिल्ह्याचं या पक्ष्याशी नातं जुनं आहे. इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद जटायूचं स्थान मानलं जातं. आजची खरी धडपड मात्र त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळच्या खोरीपाडा इथे दिसते. वनविभागाने गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे गिधाडांसाठी ‘उपाहारगृह’ चालवलं आहे. परिसरात जनावर मेलं की ते त्या ठरलेल्या जागी आणून ठेवायचं. अशा जागेचा पहिला प्रश्न एकच: या जनावराला शेवटच्या दिवसांत कोणती सुई दिली होती? उत्तर माहीत नसेल तर ते जनावर पुरायचं. आदिवासी पाड्यावरचा शेतकरी हा प्रश्न विचारू लागला, याला मोल आहे, कारण ओक्स यांनी पाकिस्तानात विचारलेला प्रश्न नेमका हाच होता.

मुंबईचं परळ इथलं १८८६ सालचं पशुवैद्यक महाविद्यालय असो की नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळचं, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत साडेपाच वर्षांच्या पदवीत विकृतीशास्त्र आणि औषधशास्त्र शिकवलं जातं. तिथून बाहेर पडणारा डॉक्टर निफाड-सिन्नरच्या गोठ्यात उभा राहून जी सुई निवडतो, तिचा परिणाम अंजनेरीच्या कड्यापर्यंत जातो. त्याच्याइतकीच जबाबदारी गोठ्याच्या मालकाचीही आहे. जनावराला दुखणं आलं तर दुकानातून परस्पर औषध आणून टोचू नका. डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा, ते मिळतं आणि गुणही देतं. दिलेल्या औषधाचं नाव वहीत लिहून ठेवा. आणि शेतात, झाडाखाली किंवा कड्याच्या पायथ्याला मेलेलं वा मान टाकून बसलेलं गिधाड दिसलं तर त्याला हात न लावता लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शव ताजं असतानाच तपासणीला गेलं, तरच त्याच्या मरणाचं कारण कळतं.