चीनमधील खासगी उद्योग : शेतकऱ्याच्या अंगणातून कारखान्यापर्यंत

तालुक्याच्या बाजारात गेल्यावर टॉर्च, कुलपे, खेळणी, बॅटरीवर चालणारे फवारणी पंप असा कितीतरी चिनी माल आपण पाहतो. चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाची सत्ता असल्याने हा सर्व माल सरकारी कारखान्यांतून येत असावा, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात यातील पुष्कळसा माल खासगी मालकीच्या कारखान्यांत तयार होतो. विशेष म्हणजे या खासगी उद्योगांची सुरुवात शहरातील धनिकांनी केली नाही. ती मुख्यतः खेड्यातील शेतकऱ्यांनी आणि लहान विक्रेत्यांनी केली. ती कशी झाली, त्यांना अडचणी कोणत्या आल्या आणि त्यातून जोडधंदा करणाऱ्याने काय घ्यावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

जमीन पुन्हा कुटुंबाकडे

सन १९५८ पासून चीनमधील शेती 'कम्यून' पद्धतीने होत असे. जमीन, जनावरे, अवजारे सामूहिक मालकीची असत. शेतकऱ्याला कामाचे गुण मिळत व त्यावर धान्याचा वाटा ठरे. कष्ट करणारा आणि अंगचोरपणा करणारा यांच्या वाट्यात फारसा फरक पडत नसे.

आनहुई प्रांतातील शियाओगांग या अतिशय गरीब गावात १९७८ सालच्या हिवाळ्यात १८ कुटुंबप्रमुखांनी गुपचूप एक कागद केला. जमीन घरोघरी वाटून घ्यायची, सरकारचा धान्याचा वाटा प्रथम द्यायचा आणि उरलेले ज्याचे त्याने ठेवायचे, असे त्यात ठरले. हे त्या वेळी कायद्याविरुद्ध होते. गावच्या पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागल्यास त्यांची मुले बाकीच्यांनी १८ वर्षांची होईपर्यंत सांभाळावीत, अशीही अट घालून सर्वांनी अंगठे उठविले. पुढच्याच वर्षी गावात सुमारे ६६ टन धान्य पिकले. १९६६ ते १९७० या पाच वर्षांत मिळून जेवढे पिकले होते, तेवढे हे एका हंगामात आले.

सरकारने ही पद्धत प्रथम चालू दिली आणि नंतर ती देशभर लागू केली. १९८४ च्या अखेरीस कम्यून जवळजवळ मोडीत निघाले. जमिनीची मालकी मात्र गावाकडेच राहिली. कुटुंबाला मिळाला तो कसण्याचा करार. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे भांडवलाच्या प्रश्नात तोच आडवा येतो.

उरलेले धान्य, मोकळे झालेले हात

चीनचे धान्य उत्पादन १९७८ साली सुमारे ३०.५ कोटी टन होते. ते १९८४ साली ४०.७ कोटी टनांवर गेले. यातून दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, खाऊन उरलेले धान्य कोंबड्या-डुकरांना घालणे परवडू लागले. दुसरी म्हणजे, घरची शेती घरच्या माणसांनी मन लावून केल्यावर घरातील एक-दोन माणसे मोकळी झाली. खासगी धंद्याला लागणारा कच्चा माल आणि मजूर अशा रीतीने शेतीतूनच मिळाले.

गावांच्या व तालुक्यांच्या नावावर चालणाऱ्या लहान कारखान्यांत १९७८ साली सुमारे २.८ कोटी लोक कामाला होते. १९९६ पर्यंत ही संख्या साडेतेरा कोटींवर गेली. विटा, खते, कापड, बटणे, सुटे भाग असा नाना प्रकारचा माल तेथे होत असे.

सात मजुरांची मर्यादा

स्वतःचा धंदा करण्यास परवानगी मिळाली, पण सांभाळून. वेनझोउ शहरात रस्त्यावर बटणे व किरकोळ वस्तू विकणाऱ्या झांग हुआमेई या तरुणीला डिसेंबर १९८० मध्ये परवाना मिळाला. देशातील पहिला वैयक्तिक व्यवसाय परवाना म्हणून तो ओळखला जातो. १९८१ च्या नियमानुसार अशा व्यावसायिकास दोन मदतनीस व पाच उमेदवार, म्हणजे फार तर सात माणसे ठेवता येत. आठवा माणूस आला की मालक शोषक ठरण्याचा धोका असे. या आकड्याचे समर्थन कार्ल मार्क्स यांच्या ग्रंथातील एका उदाहरणावरून केले जाई.

आनहुईतील वूहू शहरात नियान ग्वांगजिउ नावाचा निरक्षर विक्रेता भाजलेल्या कलिंगडाच्या बिया विकत असे. 'वेड्याच्या बिया' हे त्याने मालाला दिलेले नाव. खप इतका वाढला की त्याच्याकडे शंभरावर माणसे कामाला लागली. प्रकरण थेट राजधानीत गेले. त्या वेळचे सर्वोच्च नेते देंग शियाओपिंग यांनी १९८४ साली, याला हात लावू नये, काही काळ वाट पाहावी, असा सल्ला दिला. एका बिया विक्रेत्याला हात लावला तर धोरण बदलले असे समजून सारेच धास्तावतील, हे त्यांनी ओळखले होते. शेवटी १९८८ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि आठ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी उद्योगास कायद्याने मान्यता मिळाली.

लिउ बंधूंची पिले, बटेर आणि पशुखाद्य

सिचुआन प्रांतातील शिनजिन येथील चार लिउ बंधूंचा अनुभव शेतकऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा. चौघेही शिकलेले व नोकरीत होते. तिसरा भाऊ चेन युशिन (हा लहानपणी दत्तक गेल्याने आडनाव वेगळे) शेती महाविद्यालयात शिकलेला. धाकटा लिउ योंगहाओ शिक्षक. १९८२ साली त्यांनी गावी कोंबड्यांची पिले उबविण्याचा धंदा काढला. बँकेने १,००० युआनचे कर्ज नाकारले, तेव्हा घड्याळे व सायकली विकून त्यांनी तेवढी रक्कम उभी केली.

१९८४ साली एका ग्राहकाने एक लाख पिलांची मागणी नोंदविली. भावांनी शेतकऱ्यांकडून उधारीवर अंडी घेतली. पिले बाहेर पडू लागली आणि व्यवहार फिसकटला. पिलू काही गोदामात ठेवता येत नाही; ते रोज खाते आणि रोज मरते. अखेर चौघांनी टोपल्यांत पिले भरून चेंगदूच्या बाजारात बसून ती हाताने विकली आणि शेतकऱ्यांचे देणे फेडले.

यानंतर ते बटेर (जपानी लावा) पालनाकडे वळले. कोंबडीच्या अंड्यातून पिलू निघण्यास २१ दिवस लागतात, बटेराच्या अंड्यातून साधारण १७ दिवस. मादी सहा-सात आठवड्यांत अंडी देऊ लागते. थोड्या जागेत, थोड्या भांडवलावर पैसा लवकर फिरतो. धंदा इतका चालला की सारा तालुकाच बटेर पाळू लागला. पण सर्वांनी एकच माल काढल्यावर भाव टिकत नाहीत. तेव्हा भावांनी आपल्या परिसरातील शेतकऱ्याला काय हवे आहे, याचा विचार केला.

सिचुआनमध्ये घरोघरी डुकरे. त्यांना मका, रताळी, भाताचा कोंडा आणि खरकटे मिळे. यात ऊर्जा असते, परंतु प्रथिने व क्षार कमी पडतात. त्यामुळे डुकराची वाढ होण्यास वर्षभर लागे. थायलंडमधील चारोएन पोकफंड समूहाचे संतुलित खाद्य बाजारात आले तेव्हा ते महाग असूनही शेतकरी त्यासाठी रांगा लावत. लिउ बंधूंनी बटेरातून मिळालेला पैसा संशोधनात घातला, तज्ज्ञ गोळा केले आणि १९८९ साली 'होप' नावाचे खाद्य त्याहून कमी दरात विक्रीस आणले. जाहिरात खेड्यांच्या भिंतींवर रंगविली. १९९२ साली होप समूहाची नोंदणी झाली.

१९९५ साली भावांनी धंद्याची वाटणी केली, ती भांडण होण्यापूर्वी. प्रत्येकाने आपापला समूह चालविला. लिउ योंगहाओ यांचा 'न्यू होप' समूह जगातील मोठ्या पशुखाद्य उत्पादकांत गणला जातो. मोठेपणामुळे जोखीम मात्र टळली नाही. २०१८ साली चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग आला, डुकरे कमी झाली व भाव चढले. सर्वांनी गोठे वाढविले. २०२१ साली भाव कोसळले आणि या कंपनीलाही मोठा तोटा सोसावा लागला. बटेराच्या वेळी तालुक्यात जे घडले, तेच या वेळी देशात घडले.

'लाल टोपी'

परवानगी अपुरी असल्याने अनेक उद्योजक आपला कारखाना कागदोपत्री गावाच्या किंवा कम्यूनच्या नावावर ठेवीत. याला तेथे 'लाल टोपी घालणे' म्हणत. त्यामुळे संरक्षण मिळे, जागा व कर्ज मिळणे सोपे जाई. पण धंदा वाढल्यावर मालक कोण, यावरून वाद होत.

ज्यांचा कारखाना खरोखरच गावाच्या मालकीचा होता, त्यांनाही अधिकार स्पष्ट करून घ्यावे लागले. झेजियांग प्रांतातील लू ग्वानचिउ यांनी १९६९ साली सहा शेतकरी व ४,००० युआन एवढ्यावर कम्यूनचे शेती अवजार दुरुस्तीचे दुकान सुरू केले. पुढे त्यांनी ट्रक-ट्रॅक्टरला लागणारा युनिव्हर्सल जॉइंट (आपले मिस्त्री ज्याला क्रॉस म्हणतात) हा एकच भाग नीट बनविण्यावर भर दिला. १९८३ साली कारखाना चालविण्याचा करार आपल्या नावे व्हावा म्हणून त्यांनी स्वतःच्या रोपवाटिकेतील सुमारे २०,००० युआन किमतीची रोपे तारण ठेवली. त्यांचा वानशियांग समूह पुढे परदेशी वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवू लागला.

भांडवलाची अडचण

जमीन शेतकऱ्याच्या मालकीची नसल्याने ती गहाण टाकता येत नसे. सरकारी बँका सरकारी कारखान्यांना कर्ज देत. मग उद्योजक नातेवाईक, शेजारी व कामगार यांच्याकडून व्याजाने पैसे घेत. यात दोन्हीकडे धोका असतो. हबेई प्रांतातील सुन दावू यांनी १९८५ साली १,००० कोंबड्या व ५० डुकरांवर धंदा सुरू केला व तो खूप वाढविला. बँकेचे कर्ज पुरेसे न मिळाल्याने त्यांनी गावकऱ्यांकडून ठेवी घेतल्या. बेकायदा ठेवी गोळा केल्याच्या आरोपावरून २००३ साली त्यांना अटक झाली व तीन वर्षांची शिक्षा झाली. ती तहकूब ठेवण्यात आली. ते सरकारवर उघड टीकाही करीत. सरकारी फार्मशी जमिनीचा वाद झाल्यानंतर २०२० साली त्यांना पुन्हा अटक झाली आणि २०२१ साली विविध आरोपांखाली १८ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. धंदा कितीही मोठा झाला तरी तेथे सरकारची मर्जी हा घटक दुर्लक्षून चालत नाही, हे यावरून दिसते.

कायद्याची मान्यता

१९८९ नंतर दोन-तीन वर्षे खासगी उद्योगांना पुन्हा संशयाचे दिवस आले. १९९२ साली देंग यांनी दक्षिण चीनचा दौरा करून सुधारणांना पाठिंबा दिला, तेव्हा वारे बदलले. नोंदणीकृत खासगी उद्योग १९८९ साली सुमारे ९० हजार होते. १९९५ साली ते साडेसहा लाख झाले. २००४ साली कायदेशीर खासगी मालमत्तेचे संरक्षण घटनेत आले. २०२५ च्या सुरुवातीस खासगी उद्योगांची संख्या साडेपाच कोटींहून अधिक होती. त्याच वर्षी २० मेपासून खासगी अर्थव्यवस्थेस चालना देणारा स्वतंत्र कायदा अमलात आला. शहरांतील सुमारे ८० टक्के रोजगार खासगी क्षेत्र पुरविते, असे तेथील सरकार सांगते.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. ज्या मालाचा साठा करता येत नाही (पिले, दूध, फुले), त्याच्या मोठ्या मागणीसाठी आगाऊ रक्कम व लेखी करार घेतल्याशिवाय उत्पादन वाढवू नये.

२. गावात सर्वांनी एकच जोडधंदा धरला की भाव पडतात. तेजीच्या वर्षी विस्तार करताना मंदीच्या वर्षाचा हिशेब आधी मांडावा.

३. सर्व शेजारी ज्या धंद्यात आहेत त्यात उतरण्याऐवजी त्यांना लागणारी वस्तू अथवा सेवा पुरविता येते का, हे पाहावे.

४. धंदा ज्याचा असेल त्याच्याच नावावर कागद असावेत. भावा-भावांत वाटणी करायची तर संबंध चांगले असतानाच करावी.

५. ओळखीच्या माणसांकडून घेतलेल्या पैशांचीही लेखी नोंद ठेवावी व ठेवी घेण्यासंबंधीचा कायदा आधी समजून घ्यावा.

लिउ बंधूंच्या हाती सुरुवातीला होते ते केवळ १,००० युआन. पिलांचा व्यवहार बुडाला तेव्हा ते शेतकऱ्यांचे देणे न फेडता निघून जाऊ शकले असते. त्यांनी ते फेडले. पुढे खाद्य विकण्यासाठी त्यांना त्याच परिसरातील शेतकऱ्यांच्या दारात जायचे होते. बाजारात पत टिकविणे म्हणजे काय, हे यावरून समजून घ्यावे.